प्रौढांच्या पदवी-कार्यक्रमांचं मूल्यमापन करताय? या चुका टाळा

कमी उत्पन्नाच्या प्रौढांना कॉलेजचं प्रमाणपत्र किंवा पदवी मिळवून देणारे कार्यक्रम अमेरिकेत गावोगावी चालतात. त्यांचे अहवाल तपासणं हे माझं काम. कार्यक्रम बदलतात, चुका मात्र त्याच. या चुकांपायी चांगल्या कार्यक्रमाचा निधी आटतो आणि कुचकामी कार्यक्रम वर्षानुवर्षं चालू राहतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

छेद सोयीचा धरणं

"दहातल्या नऊ जणांनी कोर्स पूर्ण केला" असं वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो, हे दहा कोण?

नर्सिंग सहायकांच्या एका कोर्सचा अहवाल असाच डोळे दिपवणारा होता. मी मूळ एक्सेल फाइल मागवली. डावीकडचे ओळींचे क्रमांक मध्येच उड्या मारत होते, म्हणजे काही ओळी झाकलेल्या होत्या. त्या उघडल्या तर पहिल्या महिन्यात गळालेले सगळे तिथे सापडले. समन्वयक बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "महिनाभर टिकतात त्यांनाच आम्ही विद्यार्थी धरतो." झाकलेल्या एका ओळीपुढे शेरा होता: 'शिफ्ट बदलली, मुलाला सांभाळायला कोणी नाही.' अशाच बाईसाठी तर कार्यक्रम काढला होता! ती का गेली, हीच त्या फाइलमधली सगळ्यात मोलाची माहिती आणि अहवालात तिचा पत्ता नाही. सगळी नावं मोजल्यावर प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. पुढे अमेरिकेतल्या कॉलेजांमधल्या प्रवेशांच्या नोंदी ठेवणाऱ्या नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउसच्या नोंदींशी यादी ताडून पाहिली, तर गळालेल्यांपैकी काही जण दुसऱ्याच कॉलेजात शिकत होते. म्हणजे कोण शिकतंय आणि कोणी शिक्षण सोडलंय, या दोन्ही गोष्टी त्या अहवालात चुकल्या होत्या.

मी नावनोंदणी संपली त्याच दिवशी यादीची प्रत काढून तारीख टाकून वेगळी ठेवते. पुढे कोणीही आलं-गेलं तरी छेद हाच. यावर माझ्याशी वाद घालू नका.

आधी किती, नंतर किती

कोर्सच्या आधीची कमाई आणि नंतरची कमाई शेजारी मांडायची, फरक काढायचा आणि तो कार्यक्रमाच्या नावे जमा करायचा, ही सगळ्यात लाडकी पळवाट. नवशिक्यांना ती फार आवडते, कारण दुपारभरात तक्ता तयार होतो. पण माणूस अशा कार्यक्रमाकडे वळतो कधी? नोकरी गेली, तास कमी झाले, घरात आजारपण आलं, तेव्हा. म्हणजे 'आधी'चा आकडा मुळातच खड्ड्यातला. त्यातून बरेच जण काहीही न करता थोडेफार वर येतातच. प्रशिक्षणाआधीची कमाईतली ही घसरण अर्थतज्ज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी 1978 मध्येच दाखवून दिली होती. पुढे 1986 मध्ये अर्थतज्ज्ञ रॉबर्ट लालोंड यांनी, कार्यक्रमात कोणाला घ्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या प्रयोगाचा निकाल आणि आकडेमोडीने जुळवलेल्या तुलनांचे निकाल शेजारी ठेवले. दोन्हींचा मेळ बसेना.

विद्यार्थ्यांची दोन वर्षांची पदवी वेळेत पूर्ण व्हावी म्हणून न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा 'एसॅप' कार्यक्रम 2007 मध्ये सुरू झाला. एमडीआरसी या संशोधन संस्थेने चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. तीन वर्षांनी कार्यक्रमातले 40 टक्के पदवीधर झाले, बाहेरच्या गटातले 22 टक्के. दुसरा गट नसता तर 40 चा आकडा मिरवला गेला असता. कार्यक्रमाची खरी कमाई 18 टक्क्यांच्या फरकाची, आणि तीही मोठीच आहे.

'एसॅप'ची नक्कल करणाऱ्यांनाही एक सांगायचंय. तिथे सल्लागार, फीमधली तूट भरून काढणं, पुस्तकं, प्रवासाचा पास आणि पूर्णवेळ शिकण्याची अट हे सगळं एकत्र होतं. नुसता एक सल्लागार नेमायचा आणि निकाल मात्र तोच मागायचा, याला काही अर्थ नाही. अर्धवेळ शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आईला तर तो आकडा जसाच्या तसा लावताच येत नाही.

जागांपेक्षा अर्ज जास्त असतील तर चिठ्ठ्या टाका. 'ओळखीच्यांना आधी' यापेक्षा ते न्याय्यही आहे.

वर्षभरात निकाल मागणं

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या 'प्रोजेक्ट क्वेस्ट' या नोकरी-प्रशिक्षण कार्यक्रमात सुरुवातीला शिकणाऱ्यांची कमाई तुलनेच्या गटापेक्षा कमीच होती. साहजिकच आहे, वर्गात बसलेला माणूस तेवढे तास कामावर नसतो. पुढच्या वर्षांत ते पुढे गेले. पहिल्याच वर्षी फाइल बंद केली असती तर एका उत्तम कार्यक्रमावर अपयशाचा शिक्का बसला असता. आरोग्यक्षेत्रातल्या नोकऱ्यांसाठी 2010 पासून दिल्या गेलेल्या एचपीओजी या केंद्र सरकारच्या अनुदानांचं उलटं झालं: प्रशिक्षण घेणारे वाढले, पण काही वर्षांनी कमाईत म्हणावा असा फरक दिसला नाही. प्रमाणपत्र हातात पडलं म्हणजे पगार वाढलाच, असं गृहीत धरू नका.

बाकीच्या थोडक्यात

काही आठवड्यांचं प्रमाणपत्र आणि दोन वर्षांची पदवी एकाच रकान्यात मोजू नका.

सर्वेक्षणाला उत्तर देणारे बहुतेक खुशालीतले असतात. न देणाऱ्यांना फोन करा, तोही संध्याकाळी.

खर्च माणशी काढता तसा पदवीमागेही काढा. 'एसॅप' माणशी महाग पडला, पण प्रत्येक पदवीमागचा खर्च कमी आला.

बेरोजगारी विम्यासाठी मालक राज्याला कळवतात त्या वेतननोंदी भरवशाच्या आहेत, पण त्यात स्वतःचा धंदा करणारे आणि केंद्र सरकारचे कर्मचारी नसतात; राज्य सोडून गेलेलेही त्या राज्याच्या नोंदीत सापडत नाहीत. अशांची कमाई शून्य लिहिण्याआधी चौकशी करा. या नोंदी मिळवायला राज्याशी करार लागतो आणि त्यात महिनोन् महिने जातात. तो अर्ज पहिल्या विद्यार्थ्याचं नाव नोंदवण्याआधी करा आणि नोंदी पाहण्याची संमती नावनोंदणीच्याच कागदावर सही करून घ्या. दोन वर्षांनी सहीसाठी माणसं शोधायला गेलात, तर निम्मे फोन नंबर बदललेले असतात.