जस्ताला गंज चढत नाही: वेब्लीच्या नकलेत या चुका टाळा

वेब्ली मार्क सिक्स हे ब्रिटिश फौजेने १९१५ साली घेतलेलं रिव्हॉल्व्हर. कंपनी आमच्या बर्मिंगहॅमचीच. त्याची गॅसवर चालणारी नक्कल आज मिळते: मुठीत १२ ग्रॅम सीओटूची कुपी, खोट्या काडतुसांत ४.५ मिमीचे छर्रे, आणि असली वेब्लीसारखीच मधून मोडून उघडणारी बिजागरी. इथल्या मराठी मंडळींत चार-पाच जणांकडे ती आहे आणि बिघडली की माझ्याकडे येते. कुणी "आपोआप बिघडलं" म्हणालं, की मी आधी स्क्रूची डोकी बघतो. सगळं तिथंच कळतं.

सगळ्यात जास्त राग येतो तो 'जुनं दिसायला हवं' या हौसेचा. हौस मलाही आहे. पण ही नक्कल पोलादी नाही, जस्ताच्या मिश्रधातूची आहे, आणि रंग वरून चढवलेला आहे. पोलादाला काळं करणारं रसायन तिच्यावर लावलंत तर डाग पडतात. पॉलिश पेपर मारलात तर खालून अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यासारखा पांढुरका करडा धातू निघतो. तांबूस गंज तर तिच्यावर कधीच चढणार नाही, कारण तो लोखंडाचा असतो.

हे एका पठ्ठ्याला फोनवर सांगितलं होतं. नाशिकचा पोरगा, कोव्हेंट्रीत नोकरीला. त्याने कुठल्याशा व्हिडिओत पोलादी सुरी व्हिनेगर-मिठात बुडवून जुनाट केलेली पाहिली, आणि शनिवारी रात्री अख्खी नळी आणि चक्री (काडतुसं बसतात तो फिरता भाग) टबात घालून झोपला. आम्लात जस्त विरघळतं हे दहावीच्या प्रयोगवहीत त्यानेही लिहिलं असणार. हायड्रोजनचे बुडबुडे, जळती काडी, सगळं. सकाळी पाणी गढूळ, चक्रीवर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे, आणि जिथे चक्री अडकून थांबते त्या खाचांच्या कडा खाल्लेल्या. चाप ओढला की चक्री नळीसमोर नीट येईना. "दादा, घासून बसेल का?" नाही बसणार. त्यात, कारखान्यातूनच झिजवलेल्या रंगाची वेब्ली दुकानात मिळते. एवढी घाई होती तर तीच घ्यायची.

मी काय करतो? आधी असली वेब्लीचे फोटो चार संध्याकाळ बघतो. चामड्याच्या म्यानात घासून रंग जातो तो नळीच्या तोंडाशी, चक्रीच्या कडांवर, तळवा बसतो तिथे. सपाट बाजू काळीच राहते. तेवढ्याच जागा सर्वात बारीक स्टील वूलने हलक्या हाताने, रोज पाच मिनिटं. मग खाचांत तपकिरी बूटपॉलिश भरायचं आणि जुन्या बनियनने पुसून काढायचं. दोन आठवडे लागतात. धीर नसेल त्याने हात लावू नये.

अक्रोडाच्या लाकडी मुठी लावणाऱ्यांना एकच सांगतो: मार्क सिक्सच्या मूळ मुठी काळ्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या होत्या. लाकूड शोभतं, पण मग 'अगदी असलीसारखी' म्हणू नका.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे. एका जानेवारीत गॅरेजमध्ये छर्रे कागदाच्या लक्ष्याच्या वीतभर खाली लागू लागले. सील गळतंय म्हणून मी सगळं उघडलं, ओ-रिंग (गॅस अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलल्या, एक बारीक स्प्रिंग फ्रीजखाली घालवली. फरक शून्य. सील ठणठणीत होतं, गारठा होता. वीस अंशांना कुपीतला दाब साधारण ५७ बार असतो, शून्याला तो ३५ च्या आसपास येतो. भराभर झाडलं तरी कुपी गार पडून हेच होतं. आता हिवाळ्यात घरातल्या उबेत तासभर ठेवल्याशिवाय मी गळतीचं नावही काढत नाही. उलट, उन्हात उभ्या गाडीत कुपी ठेवणाऱ्यांपुढे तर मी हात जोडले.

बाकीचं थोडक्यात. प्रत्येक कुपीच्या तोंडावर सिलिकॉन तेलाचा एक थेंब. डब्ल्यूडी-४० हा फवाऱ्याचा तेलकट डबा सीलपासून लांब ठेवा. कुपीचा स्क्रू फुस्स आवाज थांबेपर्यंत फिरवा, पुढे पाव फेरा. कुस्ती खेळलात तर जस्तातले आटे जातात आणि ते परत येत नाहीत. भरलेली कुपी रात्रभर आत ठेवू नका. चष्मा घाला, पोलादी गोळी फळीवरून उलटी येते.

ताकद वाढवण्याच्या स्प्रिंगा आणि व्हॉल्व्हबद्दल मला विचारू नका. इथे एअर पिस्तूल सहा फूट-पौंडांच्या (छर्ऱ्याच्या ताकदीचं माप) वर गेलं की ते निषिद्ध शस्त्रात मोडतं. स्कॉटलंडमध्ये तर २०१६ च्या अखेरपासून साध्या एअर पिस्तुलालाही परवाना लागतो. आणि खिडकीत उभं राहून मित्राला दाखवू नका; समोरच्या आजीबाईंना नक्कल आणि असली कळत नाही, सशस्त्र पोलिसांनाही लांबून कळत नाही. भारतात जाताना सामानात टाकायचा विचारही नको.

नाशिककराची वेब्ली अजून माझ्या खणात आहे. चापाची स्प्रिंग मी गेल्या महिन्यात दुसऱ्या एकाला दिली, त्यानेही आपली घालवली होती.