स्वतःच्या फोनवर ऑफिसचं काम: ॲडमिन मंडळींनो, या चुका टाळा

नवीन ॲडमिनला, म्हणजे कंपनीचे फोन-कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याला, पॉलिसीचं (फोनवर लावायच्या नियमांचं) पान उघडून दिलं, की तो दिसेल तो पर्याय सुरू करून मोकळा होतो. कंपनीच्या लॅपटॉपला एक वेळ ते चालेल. पण कर्मचाऱ्याच्या खिशातला फोन त्याचा स्वतःचा असतो. त्यात आपल्याला राखायचा असतो तो फक्त कंपनीचा डेटा.

जाच होईल इतकी कडक पॉलिसी. ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण रिपोर्टमध्ये ती दिसतच नाही. एका कंपनीत मेल ॲपला १२ अक्षरी पासवर्ड होता. स्क्रीन बंद झाली की तो पुन्हा टाकायचा, आणि अटॅचमेंट फोनवर उघडायचीच नाही. सेल्सची माणसं ग्राहकासमोर ताटकळायची. मग त्यांनी आपली वाट काढली: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कोटेशन उघडायचं, स्क्रीनचा फोटो काढायचा आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. पुढे त्यांच्यातल्या एकाचा फोन हरवला. आम्ही लगेच त्यातला कंपनीचा डेटा लांबूनच पुसला आणि ‘डेटा सुरक्षित’ असा शेरा मारून तक्रार बंद झाली. प्रत्यक्षात सगळे दर गॅलरीत पडलेले होते, आणि तिथून खासगी क्लाउड बॅकअपमध्येही गेलेले होते. आमचा हात तिथवर पोहोचणारच नव्हता.

तेव्हापासून मी ६ आकडी पिन किंवा बोटाचा ठसा ठेवतो आणि काही मिनिटांची सवलत देतो. कागदपत्रं कामाच्या ॲपमध्येच उघडतील आणि तिथेच दुरुस्त करता येतील, याची सोय आधी करतो. कॉपी-पेस्ट अडवायचं ते फक्त कामाच्या ॲपमधून बाहेर जाताना. आणि कुठलीही पॉलिसी आधी माझ्या रोजच्या फोनवर लावतो. जी मला दिवसभर सोसवत नाही, ती दुसऱ्याच्या माथी मारत नाही.

अख्खा फोन ताब्यात घेणं. अँड्रॉइडमध्ये २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून वर्क प्रोफाइल आहे, आयफोनमध्ये २०१९ च्या आयओएस १३ पासून यूजर एनरोलमेंट. दोन्हींत कंपनीचा डेटा वेगळ्या कप्प्यात राहतो, खासगी फोटो आयटीला दिसत नाहीत आणि पुसला जातो तो फक्त कंपनीचा कप्पा. तरीही घाईची माणसं जुनी, ओळखीची पद्धत म्हणून पूर्ण फोन नोंदवतात. मग नोकरी सोडणाऱ्याच्या बाबतीत कुणीतरी ‘रिटायर’ (फक्त कंपनीचा डेटा काढा) ऐवजी ‘वाइप’ (अख्खा फोन पुसा) दाबतं आणि त्याचे घरचे फोटो कायमचे जातात. वाचवलेला वेळ असा दुसऱ्याकडून वसूल होतो, याची मला मनापासून चीड आहे.

दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणं. लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात, बाकी काही होत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच सांगितलंय की पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावा.

लॉगिन मंजूर करायला फोनवर नुसतं ‘अप्रूव्ह’चं बटण. २०२२ मध्ये उबरवर झालेल्या हल्ल्यात एका कंत्राटी कर्मचाऱ्याला लॉगिनच्या विनंत्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या, आणि शेवटी एक मंजूर झाली. बटणाऐवजी लॉगिनच्या स्क्रीनवर दिसणारा आकडा फोनवर टाकायला लावा. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनेच लॉगिन) जमत असेल तर उत्तमच.

फोनचा सगळा इंटरनेट ट्रॅफिक व्हीपीएनमधून, म्हणजे कंपनीच्या सुरक्षित मार्गाने, नेणं. माणसाचे खासगी व्हिडिओ आपल्या सर्व्हरवरून कशाला? कामाच्या ॲपपुरतं व्हीपीएन पुरे.

अपडेट बंद झालेला फोन चालवून घेणं. इथे मात्र मी साहेबांचंही ऐकत नाही. ज्याला सिक्युरिटी पॅच मिळत नाही, त्या फोनवर ऑफिसचा मेल नाही. ‘नाही’ म्हणायचं तर पर्याय हातात ठेवा: कंपनीचा एखादा शिल्लक फोन द्या.

फोन बदलण्याचा विचारच न करणं. जुना फोन विकून झाल्यावर लोकांना ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिनची खात्री करणारं ॲप, आठवतं. नोंदणीच्या दिवशीच लॉगिनचा दुसरा मार्ग जोडून घ्या, समोर बसून. ‘नंतर करतो’ म्हणणाऱ्याचा मेल मी तोपर्यंत सुरू करत नाही. त्याच बैठकीत आयटीला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे त्याच्याच फोनवर उघडून दाखवा.