छाटणीनंतरचा पाऊस: द्राक्षबागेत चाक घसरू नये, माती दबू नये

ऑक्टोबर छाटणी होते, डोळे फुटतात, वेल तीन-पाच पानांवर येते आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. डाउनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने बागायतदाराला एक दिवस थांबवत नाही. वाफसा, म्हणजे माती कामाला योग्य इतकी सुकलेली नसताना, ब्लोअर (पंख्याच्या हवेने फवारणारं यंत्र) जोडलेला छोटा ट्रॅक्टर बागेत घातला की चाक जागच्या जागी फिरतं आणि वीतभर खोल चाकोऱ्या पडतात. फवारणी उरकते खरी, पण पुढे पूर्ण हंगाम त्या चाकोरीत पाणी तुंबतं, चाकाखालची माती विटेसारखी घट्ट होते आणि वेलीची कोवळी पांढरी मुळी बोदाबाहेर, म्हणजे वेल लावलेल्या मातीच्या उंच वरंब्याबाहेर, पसरायला धजत नाही.

यावर गावात पहिला सल्ला मिळतो तो वजनासाठी टायरमध्ये पाणी भरायचा, दुसरा नवे टायर टाकायचा. दोन्ही कधीतरी लागतात, पण पाळी शेवटी येते. आधी जमीन, मग टायरातली हवा, त्यानंतर वजन, असा क्रम ठेवला तर बहुतेकांचं काम दुसऱ्या पायरीवरच भागतं.

जमिनीचं म्हणाल तर घोडचूक ऑगस्ट-सप्टेंबरात होते. छाटणीआधी बाग चकाचक दिसावी म्हणून दोन ओळींमधला पट्टा रोटाव्हेटरने भुसभुशीत केला जातो. काळ्या जमिनीत वरची चार-पाच इंच माती पिठासारखी होते आणि पात्याच्या तळाशी गुळगुळीत, घट्ट थर तयार होतो. पाऊस पडला की वरचं पीठ लोणी होतं, चाक त्यातून थेट खालच्या घट्ट थरावर जातं आणि तिथे घसरतं. शेजारच्या गवताळ बांधावरून तोच ट्रॅक्टर त्याच दिवशी बिनधास्त जातो, कारण गवताच्या मुळांनी माती धरून ठेवलेली असते.

म्हणून पावसाळ्यात पट्ट्यातलं गवत उपटू नका, कापा. ब्रश कटरने किंवा ट्रॅक्टरच्या स्लॅशरने तीन-चार इंच खुंट ठेवून कापायचं आणि कापलेलं तिथेच चाकांच्या वाटेवर पडू द्यायचं. बाग गबाळी दिसते असं कोणी म्हणालं तर म्हणू द्या. मात्र गवत गुडघ्याएवढं वाढू दिलं तर बागेत दमटपणा साठतो आणि डाउनीला आयतं आमंत्रण मिळतं, त्यामुळे कापणीत टाळाटाळ नको. ज्यांनी आधीच रोटाव्हेटर मारला आहे त्यांनी चाकांच्या दोन पट्ट्यांत उसाचं पाचट अंथरावं. छाटणीच्या काड्या बारीक करून टाकता येतात, पण त्या निरोगी बागेच्या हव्यात. करपा-भुरीच्या काड्या बागेबाहेरच गेलेल्या बऱ्या.

आत जायचं की नाही हे वरची माती बघून ठरवू नका. दोन दिवस ऊन पडलं की वर पापडी धरते आणि खाली चिखल तसाच राहतो. बागेतल्या सर्वांत सखल ओळीत, वळणाच्या टोकाला, वीतभर खोलीवरची मूठभर माती काढा आणि दोन तळव्यांत वळून बघा. उदबत्तीएवढी बारीक वात न तुटता वळली तर ट्रॅक्टर शेडमध्येच राहू द्या. वात वळता वळता तुटून तिचे तुकडे पडू लागले तर जायला हरकत नाही. सगळ्या बागेला एकच निकष लावू नका. मुरमाड टेकाडाकडच्या ओळी दुपारी फवारता येतात, ओढ्याकडच्या दोन दिवसांनी.

आता हवा. छोटा ट्रॅक्टर एरवी ट्रॉलीत क्रेट भरून डांबरी रस्त्यावर पळतो, म्हणून टायर टणक फुगवलेले असतात. तेच टायर बागेत आले की जमिनीला जेमतेम टेकतात. वरच्या थरातल्या मातीवर येणारा दाब साधारण टायरातल्या हवेच्या दाबाएवढाच, किंचित जास्त असतो. हवा कमी केली की टायर पसरतो, त्याच्या नक्षीचे जास्त उंचवटे एका वेळी माती धरतात आणि चाकोरी उथळ पडते. एकाच बदलात पकड वाढते आणि जमीनही वाचते, असा स्वस्त उपाय दुसरा नाही. किती कमी करायची? टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. कंपनीच्या पुस्तिकेत भारानुसार दाबाचा तक्ता असतो, त्यात तुमच्या भाराला दिलेला किमान आकडा धरा. त्याखाली गेलात तर टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह उपटतो. मोजणी सकाळी, टायर थंड असताना करा, आणि दोन्ही मागच्या चाकांत सारखा दाब ठेवा. रस्त्यावर जाण्याआधी हवा पुन्हा भरायला विसरू नका.

टायर उलटे बसलेत का हेही एकदा बघून घ्या. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहिल्यावर नक्षीच्या बाणांची टोकं वर गेलेली दिसली पाहिजेत. पंक्चर काढताना अदलाबदल झालेली चाकं अनेकदा वर्षभर तशीच चालवली जातात.

वजनाकडे मात्र जपून वळा. वजनाने पकड वाढते, पण धुऱ्यावरचा भार वाढला की माती खोलवर दबते आणि तो दाब हवा कमी करून टळत नाही. काळ्या जमिनीत आधी ब्लोअरची टाकी अर्धी भरून बघा. 600 लिटरची टाकी अर्धी भरली तर 300 किलो भार तिथेच उतरला. कोवळ्या फुटीला पाणी तसंही कमी लागतं. वजन खरंच कमी पडतंय का हे मोजता येतं: मागच्या टायरवर खडूने खूण करा, ब्लोअर न जोडता चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती जातो ते मोजा, मग भरल्या ब्लोअरसह त्याच पट्ट्यात पुन्हा मोजा. समजा आधी 28 मीटर आणि नंतर 24 मीटर भरलं, तर घसरण 14 टक्के झाली. पंधरापर्यंत चालेल. विसाच्या वर गेली आणि माती वाफशावर असेल तरच चाकाला वजन लावायचा विचार करा. माती ओली असेल तर ते वजन तुम्हालाच रुतवेल.

चालवताना लो गिअर आणि एकसारखा वेग ठेवा. फोर व्हील ड्राइव्ह ओळीत शिरण्याआधी टाका, रुतल्यावर नव्हे. कडेला तीव्र वळण घेताना काढा, नाहीतर पुढची चाकं माती खरवडून काढतात. डिफरन्शियल लॉक (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारी कळ) फक्त सरळ रेषेत. टायरचा ठसा मागे वळून बघत जा. नक्षी स्वच्छ उमटत असेल तर ठीक, ठसा लिंपल्यासारखा दिसू लागला की चाक घसरतंय.

ट्रॅक्टर रुतलाच तर रेस वाढवू नका. पीटीओ (ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) बंद करा, टाकीतलं द्रावण कमी करता आलं तर करा, चाकामागे गोणपाट किंवा पाचट घाला आणि आलेल्या वाटेनेच मागे या. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचं झालं तर साखळी दोन्हीकडे खालच्या हुकालाच बांधा. वरच्या टॉप लिंकच्या, म्हणजे अवजाराचा वरचा दांडा जोडतात त्या, ठिकाणी बांधली तर ओढणारा ट्रॅक्टर मागे उलटतो आणि चालकाच्या जिवावर बेततं.

वाफसा नाही आणि फवारणी टळतही नाही, असे दिवस येतातच. त्यासाठी एचटीपी (जास्त दाबाने फवारणारा) पंप, लांब पाइप आणि गन छाटणीआधीच तपासून ठेवा. पंप बांधावर उभा राहतो, पाइप घेऊन माणूस आत जातो. मजुरी लागते, पण पट्टा शाबूत राहतो.

पडलेल्या चाकोऱ्या ओल्यात बुजवू नका, वरून रोटाव्हेटर तर नकोच. टोकाला फावड्याने चर काढून साचलेलं पाणी आधी बाहेर काढा. वाफसा आल्यावर कडेची माती ओढून भरा आणि त्या जागी ताग किंवा गवत उगवू द्या. खोलवर दबलेला थर फोडायचं काम काढणीनंतर, जमीन कोरडी असताना पट्ट्याच्या मध्यातून एक फाळ चालवून करा. बोदाजवळ फाळ नेऊ नका.