स्थलांतरित आणि आजारांच्या वादात आकडा टाकण्याआधी काय तपासायचं

स्थलांतरितांमुळे रोग पसरतात का, हा वाद पेटला की कुणीतरी एक आकडा टाकतं आणि बाकीचे गप्प होतात. तो आकडा तुम्ही टाकणार असाल तर आधी एवढं करा.

पहिलं म्हणजे तो आकडा किती वर्षांचा मिळून झालाय ते बघा. २००५ साली अमेरिकेतल्या एका न्यूज चॅनलवर सांगितलं गेलं की तीन वर्षांत कुष्ठरोगाचे ७,००० पेशंट सापडले आणि बोट थेट स्थलांतरितांकडे, प्रत्यक्षात ते सात हजार पेशंट साधारण तीस वर्षांत मिळून सापडलेले होते. एवढ्याशा चुकीने किती लोक बदनाम झाले, मला याचा अजून राग येतो.

मग टक्केवारी दिसली की एकूण संख्या शोधा, ही पायरी गाळूच नका. अमेरिकेतला टीबी घ्या. १९९२ ला साधारण २६,७०० केसेस, त्यातले २७ टक्के पेशंट परदेशात जन्मलेले. २०१९ ला हाच वाटा ७१ टक्के. बापरे, केवढी वाढ असं वाटतं ना? पण २०१९ ला एकूण केसेसच होत्या ८,९०० च्या आसपास. आता कॅल्क्युलेटर काढा, आधीचे येतात ७,२०० आणि नंतरचे ६,३००, म्हणजे परदेशात जन्मलेले पेशंटसुद्धा कमीच झाले, फक्त तिथेच जन्मलेल्यांमधला टीबी त्याहून कितीतरी जास्त घटला म्हणून यांचा वाटा फुगलेला दिसतो.

दोन गटांची तुलना करायची तर दर लाखामागे किती ते घ्या, आणि वयोगट सारखे आहेत का तेही बघा.

संसर्ग आणि आजार यांचीही गल्लत करू नका. जगातल्या जवळपास पाव लोकांना टीबीच्या जंतूंचा संसर्ग झालेला असतो असा अंदाज आहे, पण तो सुप्त असेल तर त्यांच्यापासून कुणालाच लागण होत नाही. अमेरिकेतल्या ८० टक्क्यांहून जास्त केसेस असा जुना संसर्ग पुढे जागा झाल्यामुळेच होतात.

आणि स्थलांतरितांच्या बाजूने बोलत असाल तर नको असलेला आकडा लपवू नका. अमेरिकेत परदेशात जन्मलेल्यांमध्ये टीबीचा दर खरंच जास्त आहे, तो स्पष्ट सांगा, कारण तपासणी आधी कुणाची करायची हे त्याच आकड्यावरून ठरतं आणि सुप्त टीबी वेळेत सापडला तर तीन-चार महिन्यांच्या गोळ्यांनी पुढचा आजार बहुतेक वेळा टळतो.