नोकरी सांभाळून हळद-बेदाण्याचा जोडधंदा, नवीन सुरू करणाऱ्यांसाठी

मी सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, शिफ्ट बदलत असते आणि ऑडिट लागलं की घरी कधी पोचणार ते सांगता येत नाही. सोबत हळद पावडर आणि बेदाणा पॅकिंगचा जोडधंदा करतो. कंपनीतली नवीन पोरं विचारतात की दादा वेळ कुठनं काढता, म्हणून लिहितोय.

वेळेपेक्षा धंदा कुठला धरला यावर सगळं आहे. जो माल तुमच्यासाठी थांबतो तोच धरा. दूध, केक, जेवणाचे डबे हे धंदे चांगलेच आहेत पण शिफ्टवाल्याचे नाहीत, त्या दिवशीचा माल त्याच दिवशी गेला पाहिजे आणि नेमकं त्याच दिवशी साहेब म्हणणार आज थांबावं लागतंय. हळकुंड नीट वाळलेलं असलं की वर्षभर टिकतं, बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवता येतो, आठवडाभर ओव्हरटाइम लागला तरी नुकसान नाही. शिवाय माल आपल्या दारात आहे, हळदीचे सौदे सांगली मार्केट यार्डात, बेदाण्याचे तासगावला आणि सांगलीला. 2018 ला सांगलीच्या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, बाहेरच्या गिऱ्हाईकाला ते आवर्जून सांगा, पण पाकिटावर जीआयचा लोगो छापायचा तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते.

एक अडचण मात्र खरी आहे. नवी हळद आणि नवा बेदाणा दोन्ही साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात आणि मार्च म्हणजे कंपनीत इयर एंडिंग. मी सुट्ट्या त्याच काळासाठी राखून ठेवतो, वर्षाची मोठी खरेदी तेव्हाच उरकतो, बाकी वर्षभर फक्त दळण आणि पॅकिंग.

पॅकिंगला घाई करू नका. गिरणीतनं आलेली हळद हाताला चांगली गरम लागते, ती तशीच पिशवीत भरून सील केली की आतनं घाम धरतो आणि पुढं गाठी होतात. मी रात्री ताटांत पसरून वर कापड टाकतो आणि सकाळी भरतो. बेदाण्याचं उलटं, कोल्डमधनं काढलेला बॉक्स लगेच उघडला तर बाहेरच्या हवेनं दाण्यावर ओल येते, म्हणून बॉक्स बंदच ठेवून आधी रूमच्या टेंपरेचरला येऊ द्यायचा. दोन्हीत मधले तास आपले नुसते वाट बघण्याचे, म्हणजे ड्युटीचे किंवा झोपेचे, त्यामुळंच हे नोकरीत बसतं. आणि माल तळमजल्यावर ठेवू नका, 2019 आणि 2021 चा पूर आपण बघितलाय.

कागदपत्रांचं म्हणाल तर घरात पॅकिंग करायचं तरी एफएसएसएआय म्हणजे खाद्यपदार्थांच्या धंद्याची सरकारी नोंदणी लागते, लहान उद्योगाची उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नंबर घ्यावाच लागतो. कंपनी पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला देते त्या फॉर्म सोळाच्या जोरावर भरतो तो इन्कम टॅक्सचा साधा रिटर्न धंदा सुरू केल्यावर चालत नाही, धंद्याचं उत्पन्न दाखवायला आयटीआर 3 किंवा 4 येतो, सीए गाठा.

पण या सगळ्याच्या आधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. दुसरा व्यवसाय करायचा नाही असं कलम बऱ्याच कंपन्यांच्या लेटरमध्ये असतं, असेल तर एचआरकडनं लेखी परवानगी घ्या, तोंडी हो म्हणाले यावर राहू नका, साहेब बदलतात. राज्य सरकारच्या नोकरीत असाल तर 1979 चे वर्तणूक नियम लागू आहेत, पूर्वपरवानगीशिवाय धंदा करता येत नाही आणि घरच्या कुणी केला तरी तो शासनाला कळवावा लागतो. बायकोच्या नावावर काढला की झालं असं जे सांगतात ते अर्धवट सांगतात.

आणि बायको, आई पॅकिंगला बसत असतील तर त्यांची मजुरी पहिल्या महिन्यापासून हिशोबात धरा आणि हातात द्या. ती धरूनही पाकिटामागं पैसे सुटत असतील तरच तो दर बरोबर आहे, नाहीतर दर वाढवा.