खाडीत जड शिशासाठी लांब ट्रोलिंग रॉड निवडताना

ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीतून आमिष पाण्यात ओढत नेणं. त्यासाठी दुकानात जाण्याआधी शिसं ठरवा, रॉड नंतर. बहुतेक जण उलटं करतात. बारा फुटी रॉड स्वस्तात मिळतो म्हणून मागवतात आणि खाडीत ओहोटीच्या प्रवाहात ६० ग्रॅम शिसं लावलं की टोक कमानीसारखं वाकून बसतं. मग मासा लागला की नुसतं पाणी ओढतंय, काहीच कळत नाही.

शिसं ठरवायला रॉड लागतच नाही. नेहमीच्या होडीतून नेहमीच्या जागी हातदोरीने तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) सोडा. आधी ३०, मग ६०, मग ९० ग्रॅम. होडी माणसाच्या रमतगमत चालण्याहूनही हळू, ताशी एक-दीड किलोमीटरने चालवा. तंगूस उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांपर्यंत कलला तर ठीक. ४५ च्या पुढे गेला की आमिष तळापासून वर उचललं जातं. ही चाचणी उधाणाला (मोठ्या भरती-ओहोटीला) एकदा आणि भांगाला (लहान भरती-ओहोटीला) एकदा करा. रॉड उधाणाच्या शिशावर घ्यायचा. आणखी एक गोष्ट विसरू नका: वेग पाण्याच्या तुलनेत मोजायचा, किनाऱ्याच्या नव्हे. किनाऱ्याच्या तुलनेत वेग तोच ठेवला तर प्रवाहाबरोबर जाताना ३० ग्रॅमही पुरतात, त्याच जागी प्रवाहाविरुद्ध जाताना ९० अपुरे पडू शकतात.

आता रॉड. बाजारात १० ते १६ फुटांचे जे लांब रॉड ‘क्रॅपी’ नावाने दिसतात ते अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या एका लहान माशासाठी केलेले असतात. क्रॅपी बहुतेक वेळा किलोच्या आतच, आणि त्याच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ. जोर लावला की फाटते, म्हणून रॉड मुद्दाम लुसलुशीत. आपल्या जिताड्याचं तोंड कठीण. गळ रुतवायला कणा असलेला रॉड हवा. तांबोशी तर आमिष घेतल्या घेतल्या कांदळवनाच्या मुळांत शिरते. म्हणून टोक मऊ, पण मधल्या भागापासून खाली ताठ, असा रॉड निवडा.

मुठीच्या वर ल्युअरचं (खोट्या आमिषाचं) वजन छापलेलं असतं. ते औंसात असेल तर १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. हा आकडा फेकीसाठी असतो. ट्रोलिंगमध्ये शिशाच्या जोडीला पाण्याचा ओढाही सतत टोकावर असतो. म्हणून ६० ग्रॅम लावायचे असतील तर वरची मर्यादा ९० च्या आसपास असलेला रॉड बघा.

छापील आकड्यावर थांबू नका. खिशात शिसं घेऊन जा, रॉड आडवा धरा, गाईडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) तंगूस ओवून ते टोकाला लटकवा. वाक पुढच्या तिसऱ्या हिश्शात संपला तर छान. अर्ध्यापलीकडे गेला तर रॉड नरम आहे: लाटेबरोबर शिसं उसळेल आणि आमिष नाचत राहील. टोक हललंच नाही तर तो ताठ. शिंगाळ्याची हलकी टोचणी दिसणारच नाही.

लांबीचा मोह आवरा. लांब रॉडने तंगूस होडीच्या सावलीपासून दूर जातो आणि चार रॉड लावूनही गुंता होत नाही, हे खरं. पण पुढच्या हातापासून टोक १२ फुटांवर आणि दोन हातांत दीड फूट अंतर असेल तर टोकावरचा १ किलोचा ओढा खालच्या हाताला ८ किलोंचा होतो. साडेसात फुटांवर तोच ५. अठरा-वीस फुटी होडीला नाळेवर (पुढच्या टोकाला) १२ फुटी आणि बाजूला १० फुटी पुरे. शिवाय लांब रॉडवरचा मासा होडीपासून लांबच राहतो. आंब्याच्या झेल्यासारखी लांब दांड्याची जाळी नसेल तर जिताडा होडीच्या काठाशी येऊन सुटतो.

टेलिस्कोपिक (एकात एक सरकणारा) रॉड जड शिशाला नको. जोड फिरतात, आत रेती आणि मीठ अडकतं आणि एक दिवस तो बंदच होत नाही. दोन-तीन तुकड्यांचा घ्या, जोडाला मेणबत्ती घासा. प्रत्येक गाईडच्या आतून कापूस फिरवा. धागे अडकले तर तिथे चीर आहे, ती ब्रेड, म्हणजे विणलेला तंगूस, कापणारच.

निव्वळ कार्बन हलका, पण फटक्याला नाजूक. होडी पळवताना लोंबतं शिसं रॉडवर आपटतं, बारीक टवका उडतो आणि पुढे मोठा मासा नेमका तिथेच रॉड मोडतो. म्हणून जागा बदलताना शिसं गुंडाळून बांधा. स्टँडवर ठेवायला काचतंतू-कार्बन मिश्र रॉड बरा. कार्बनमधून वीज वाहते; खाडीवरून गेलेल्या तारांखाली रॉड आडवे करा, वळीव गडगडायला लागला की आवरून काठाला या.

स्टँड पीव्हीसी पाइपचा चालतो, पण रिळाखालचा दांडा आत निदान वीतभर शिरायला हवा. प्रत्येक रॉड दोरीने होडीला बांधा. शिसं मुख्य तंगुसापेक्षा कमी ताकदीच्या तुकड्यावर लावा, म्हणजे खडपात अडकलं तर तेवढंच तुटेल. गळाजवळचा लीडर (तंगुसाचा शेवटचा तुकडा) मात्र जाड हवा, जिताड्याच्या कल्ल्याची धार तंगूस कापते. घरी आल्यावर रॉड गोड्या पाण्याने धुवा आणि तुकडे सुटे करूनच वाळवा. ओला जोड तसाच राहिला तर पुढच्या वेळी दोघांनी ओढूनही निघत नाही.