पाण्याखालच्या शूटिंगसाठी मिररलेस: बॉडी सगळ्यात शेवटी ठरवा

मुंबईच्या फोर्टात जाऊन मनात भरलेली मिररलेस बॉडी (लेन्स बदलता येणारा, आत आरसा नसलेला कॅमेरा) उचलायची आणि मग तिच्यासाठी हाउसिंग शोधत बसायचं, हा क्रम उलटा आहे. हाउसिंग म्हणजे कॅमेरा ठेवायची पाणबंद पेटी, आणि ती एकाच मॉडेलच्या मापाची असते. सोनी ए७ थ्रीचं हाउसिंग ए७ फोरला बसत नाही, कारण बॉडीचं माप आणि बटणांच्या जागा बदलल्या आहेत. हाउसिंग, पोर्ट (लेन्ससमोरची काच), स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) आणि तो धरणारे आर्म यांचा एकत्र खर्च बॉडीच्या वर सहज जातो. म्हणून आधी हे पाहा: कोणत्या मॉडेलचं हाउसिंग मिळतं, त्याला कोणकोणते पोर्ट लागतात, आणि सुट्या ओ-रिंगा (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) पुढची चार-पाच वर्षं मिळतील का. मागच्या पिढीची वापरलेली बॉडी आणि तिचं वापरलेलं हाउसिंग एकत्र मिळत असेल, तर नवशिक्यासाठी तो सौदा नव्या बॉडीपेक्षा बरा.

त्याहून आधीचा प्रश्न पाण्याचा. मुंबईचा समुद्र गाळाचा, म्हणून इथला माणूस डायव्हिंगला सहसा मालवण-तारकर्लीला जातो, पुढे कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर, मग अंदमानला. मालवणचं पाणी बरेचदा हिरवट आणि कणांनी भरलेलं असतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ते ढवळून निघतं, अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत त्यातल्या त्यात निवळतं. तुमच्या आणि माशाच्या मध्ये जितकं पाणी जास्त, तितका रंग आणि स्पष्टपणा कमी. यावर महागडा सेन्सर हा उपाय नाही, जवळ जाणं हा आहे. त्यामुळे वर्षातले बहुतेक डायव्ह कोकणात होणार असतील, तर पहिली लेन्स मॅक्रो, म्हणजे छोट्या गोष्टी अगदी जवळून टिपणारी घ्या.

मॅक्रोतही फोकल लेंग्थ विचार करून निवडा. एपीएस-सी (मधल्या मापाच्या सेन्सरच्या) बॉडीवर ३० मिमीची मॅक्रो स्वस्त पडते, पण १:१ ला (विषय सेन्सरवर खऱ्या मापात उमटतो तेव्हा) विषय लेन्सच्या इतका जवळ येतो की पोर्टचीच सावली त्याच्यावर पडते. उलट फार लांब मॅक्रो घेतली तर गढूळ पाण्यात मध्ये जास्त कण येतात. ऑलिम्पसची ६० मिमी मॅक्रो मायक्रो फोर थर्ड्स बॉडीवर या दोन्हींच्या मधली आहे. या छोट्या सेन्सरचा पाण्याखाली एक खरा फायदा आहे: एफ/८ ला जेवढी खोली फोकसमध्ये येते, तेवढीसाठी फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) एफ/१६ लागतं. म्हणजे लहान स्ट्रोबवर भागतं, आणि हाउसिंगही छोटं. फुल फ्रेमची सरशी होते ती कमी उजेडातल्या व्हिडिओत. अंदमानात वाइड व्हिडिओ हेच ध्येय असेल तर तिकडे वळा, एरवी घाई नको.

पोर्टचं गणित दुकानात कुणी सांगत नाही. सपाट पोर्टमधून पाण्याखाली दृश्याचा कोन साधारण पाव हिश्शाने आकसतो. मॅक्रोला ते चालतं, उलट थोडं मोठं दिसतं. वाइडला डोम (घुमटासारखा पोर्ट) लागतो, पण डोम स्वतः भिंगासारखा वागतो आणि दूरचं दृश्य अगदी जवळ आणून ठेवतो. १० सेंमी वक्रतात्रिज्येच्या डोममध्ये क्षितिजापलीकडची गोष्टसुद्धा लेन्सला काचेपासून जेमतेम ३० सेंमीवर ‘दिसते’. तुमची वाइड लेन्स ५० सेंमीच्या आत फोकस करत नसेल, तर त्या डोममागे तिच्याने काहीच स्पष्ट टिपलं जाणार नाही. म्हणून लेन्सचं किमान फोकस अंतर आधी बघा. एकच लेन्स ठेवायची असेल तर बॉडीसोबत येणारी छोटी किट झूम, सपाट पोर्ट आणि पाण्यातच लावता-काढता येणाऱ्या वेट लेन्स ही व्यवस्था सोयीची आहे: एक क्लोज-अप, एक वाइड. मात्र नेमकी कोणती किट लेन्स कोणत्या वेट लेन्सशी जमते, याचा तक्ता हाउसिंगवाल्याकडून मागून घ्या.

आता बॉडी. मेगापिक्सेल सोडून या गोष्टी तपासा. कस्टम व्हाइट बॅलन्स (त्या पाण्यात पांढरं काय ते कॅमेऱ्याला दाखवून रंग जुळवणं): लाल रंग पहिल्या काही मीटरांतच झपाट्याने उडतो आणि १० मीटरवर जवळजवळ संपतो. काही बॉडी ९,९०० केल्विनच्या पुढे व्हाइट बॅलन्स नोंदतच नाहीत, आणि दिवा न लावता केलेला व्हिडिओ निळा-हिरवाच राहतो. कॅननचा या बाबतीत लौकिक चांगला आहे. व्हिडिओत १०-बिट रेकॉर्डिंग असावं, नाहीतर रंग ओढताना निळ्या पार्श्वभूमीवर पट्टे उमटतात. बॅटरी दोन डायव्ह टिकावी. हलत्या होडीवर ओल्या हातांनी हाउसिंग उघडणं हे पाणी शिरण्याचं नेहमीचं कारण. आणि फ्लॅश: सोनी ए६४०० मध्ये पॉप-अप फ्लॅश आहे, ए६७०० मध्ये नाही. तो नसेल तर उजेडाचा इशारा नेणाऱ्या फायबर केबलने स्ट्रोब पेटवायला हाउसिंगच्या आत वेगळा ट्रिगर बसवावा लागतो, त्याचा खर्च धरा.

स्ट्रोबवर पहिल्याच डायव्हला हमखास अडतं ते इथे: एफ/११, १/२००, आयएसओ २०० लावलं की स्क्रीन काळी होते, कारण कॅमेरा स्ट्रोबशिवायचं एक्स्पोजर दाखवतो. मेनूत जाऊन एक्स्पोजर सिम्युलेशन बंद करा. शटर मेकॅनिकल ठेवा. सायलेंट मोडमध्ये बहुतेक बॉडींवर फ्लॅश पेटतच नाही. स्ट्रोब पोर्टच्या रेषेच्या थोडे मागे, दोन्ही बाजूंना लांब आणि किंचित बाहेर वळवलेले ठेवा, म्हणजे लेन्ससमोरचे कण उजळून फोटोत बर्फासारखे ठिपके येत नाहीत. व्हिडिओचे दिवे मीटर-दीड मीटरपलीकडे फारसे पोचत नाहीत. दिव्याविना शूट करताना निळ्या पाण्यात लाल फिल्टर, मालवणच्या हिरव्या पाण्यात मॅजेंटा. दिवा लावला की फिल्टर काढायचा. खोली दोन-तीन मीटरने बदलली की व्हाइट बॅलन्स पुन्हा घ्या.

हाउसिंग किती खोलीचं? पॉलिकार्बोनेटची बरीच हाउसिंग ४० मीटरपर्यंत चालतात. ओपन वॉटर या स्कूबाच्या पहिल्या पातळीच्या सर्टिफिकेटची मर्यादा १८ मीटर आहे, तेव्हा १०० मीटरच्या ॲल्युमिनियमसाठी केवळ खोलीच्या भीतीने पैसे घालू नका. हाउसिंगमधली हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप आणि गळतीचा इशारा देणारा दिवा मात्र घ्याच. व्हॅक्यूम ओढून अर्धा तास ठेवा. दाब टिकला तरच पाण्यात उतरा.

ओ-रिंग बोटांनी चिमटून फुगवटा आणा आणि बाहेर काढा, टाचणी लावू नका. दोन बोटांतून पूर्ण फिरवा. वाळूचा एक कण किंवा केसही बोटांना जाणवतो. खाच तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसा, कानकाडीचा कापूस मागे राहतो. ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं, आणि हाउसिंगच्या कंपनीने सांगितलेलंच. चुकीच्या ग्रीसने काही रिंगा फुगतात. रिंग फक्त चमकली पाहिजे. पाणी अडवते ती रिंग. ग्रीस तिला नीट बसवण्यापुरतं असतं, जास्त झालं तर धूळ धरतं. हाउसिंग एसीच्या खोलीत, सिलिका जेलची पुडी टाकून बंद करा. किनाऱ्यावरची दमट हवा आत कोंडली गेली तर गार पाण्यात पोर्टवर आतून धुकं धरतं.

पहिल्यांदा हाउसिंग रिकामंच, आत टिश्यू पेपर घालून बादलीत दाबून धरा. मग परवानगी काढून जलतरण तलावात, आणि नंतरच समुद्रात. तुमची तरंगण्यावरची पकड पक्की होईपर्यंत प्रवाळाजवळ कॅमेरा नेऊ नका. फिनचा एक फटका वर्षानुवर्षांची वाढ मोडतो, आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. मॅक्रोचा हात बसवायला हाजी अलीचे खडक ओहोटीला पुरेसे आहेत, तिथल्या डबक्यांत समुद्री गोगलगाई सापडतात.

डायव्ह झाला की अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून प्रत्येक बटण दाबत राहा, नाहीतर मीठ सुकून दांड्या अडकतात. उन्हात वाळवू नका. मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा. अंदमानच्या विमानात लिथियम बॅटऱ्या केबिनच्या बॅगेतच न्यायच्या, दिव्यांतून काढून, टोकांना टेप लावून. हाउसिंगचं व्हॅक्यूमचं झाकण सैल ठेवा, नाहीतर हवेच्या दाबातल्या फरकामुळे ते उतरल्यावर उघडत नाही.